कोरियन जेवणानंतर ‘पोट भरलं’ कसं सांगायचं: नवशिक्यांसाठी

कोरियन शिकायला लागलेल्या बहुतेकांना ‘पेगोफायो’ (भूक लागली आहे) अगदी सुरुवातीलाच येतं, कारण मालिकांमधली पात्रं ते सतत म्हणत असतात. पोट भरल्याचं सांगणं मात्र मागे राहून जातं, आणि खरी अडचण तिथेच येते. भूक लागल्याचं आपण बहुतेक वेळा मित्राला सांगतो. पोट भरल्याचं सांगायचं असतं ते ज्यांनी रांधलं त्यांना, ज्यांनी बिल भरलं त्यांना, किंवा चिमट्यात मांसाचा तुकडा धरून तो आपल्या ताटलीत ठेवायला निघालेल्या साहेबांना. रांजणगावात एलजीच्या कारखान्यात, तळेगावात ह्युंदाईने घेतलेल्या कारखान्यात किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांत कोरियन सहकाऱ्यांबरोबर जेवायची वेळ अनेक मराठी मुलामुलींवर येते. शिकायला सोल किंवा बुसानला गेलेल्यांवर तर रोजच येते.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. कोरियात पोट भरल्याचं सांगणं हा नकार नाही, तो आभाराचा भाग आहे. त्यामुळे ते एकटं, कोरडं कधी सोडायचं नाही. त्याच्या आगेमागे काय बोलायचं, ते वाक्याइतकंच महत्त्वाचं आहे.

पहिली पायरी: वाक्य तोंडात बसवा

‘पे’ म्हणजे पोट. शब्दकोशात तुम्हाला ‘पेबुरुदा’ सापडेल, बोलताना मात्र त्यातल्या ‘रु’च्या जागी ‘ल्ल’ येतो आणि होतं ‘पेबुल्लॉयो’. ‘पेबुरॉयो’ असं काही नसतं. सुरुवातीचा ‘पे’ आपल्या प आणि ब यांच्या मधला आहे, तो हलकेच म्हणा. ‘ल्लॉ’मधला ऑ ‘डॉक्टर’मधल्यासारखा, पण ओठांचा चंबू न करता.

मराठी माणसाची इथे एक ठरलेली चूक होते. आपण ‘पोट भरलं’ असं भूतकाळात म्हणतो, म्हणून कोरियनमध्येही भूतकाळ लावला जातो: ‘पेबुल्लॉस्सॉयो’. त्याचा अर्थ होतो, ‘तेव्हा पोट भरलेलं होतं’. आत्ता, या क्षणी पोट भरलेलं असेल तर वर्तमानकाळच हवा: पेबुल्लॉयो. ‘खाल्लं’ मात्र भूतकाळातच राहतं: ‘मानी मॉगॉस्सॉयो’, भरपूर खाल्लं. ही जोडी एकत्रच पाठ करा, कारण वापरतातही ती एकत्रच: ‘मानी मॉगॉस्सॉयो. पेबुल्लॉयो.’

मित्र, भावंडं, वयाने लहान यांच्याशी बोलताना ‘यो’ गळतो: ‘पेबुल्लॉ’. ओळखीचे मोठे, सहकारी, मित्राची आई यांच्यासाठी ‘पेबुल्लॉयो’ ठीक आहे. ‘पेबुरुम्निदा’ हे अतिऔपचारिक रूप व्याकरणाच्या पुस्तकात असतं, पण जेवणाच्या टेबलावर ते फारसं ऐकू येत नाही. मानाची माणसं समोर असतील तर औपचारिकपणा पोटाच्या वाक्यात ओतायचा नसतो. तो त्यानंतरच्या आभाराच्या वाक्यात येतो. त्याकडे पुढे येऊच.

दुसरी पायरी: सुरुवात जेवणाआधी

पोट भरल्याचं नीट सांगता यायला हवं असेल तर तयारी पहिल्या घासाआधीच करावी लागते. जेवायला बसल्यावर म्हणायचं ‘जाल मॉक्केस्सुम्निदा’, म्हणजे मी छान जेवणार आहे. (हा ज ‘जन्म’मधला आहे, ‘जरा’मधला नाही.) हे घरच्या बाईंना, बिल भरणाऱ्याला किंवा वाढणाऱ्याला उद्देशून म्हणतात. त्यानंतर टेबलावरच्या सगळ्यांत मोठ्या व्यक्तीने चमचा उचलेपर्यंत थांबायचं. भात आणि सूप चमच्याने, बाकीचे पदार्थ चॉपस्टिक्सने. वाटी हातात उचलून तोंडाला लावायची नाही, आणि चॉपस्टिक्स भातात उभ्या खुपसून ठेवायच्या नाहीत, कारण ते पितरांच्या विधीची आठवण करून देतं.

आता प्रमाणाचं बघा. साध्या हॉटेलात भात झाकणाच्या स्टीलच्या वाटीत येतो. तिला ‘गोंगी’ म्हणतात. १९७० च्या दशकात तांदूळ वाचवण्यासाठी सरकारने या वाट्या लहान करायला लावल्या. १९७६ मध्ये सोल शहराने हॉटेलांसाठी मापच ठरवून दिलं: आतला व्यास १०.५ सेंमी, उंची ६ सेंमी. वाटी दिसायला छोटी असली तरी भात दाबून भरलेला असतो, आणि भोवती सूप आणि ‘पान्छान’, म्हणजे तोंडीलावण्याच्या छोट्या ताटल्या असतात. आपण संपवू शकणार नाही असं वाटलं तर ते सुरुवातीलाच सांगा, शेवटी नाही: ‘जोगुममान जुसेयो’, थोडंसंच द्या. घरी कोणी भात वाढत असेल तर ‘पान गोंगीमान जुसेयो’, अर्धी वाटीच द्या. भात उष्टा टाकणं यजमानाच्या मनाला लागतं. आधी कमी मागितलेलं कोणाला लागत नाही.

शाकाहारी वाचकांना इथे कळकळीने सांगतो. मांस नको म्हणून ‘पेबुल्लॉयो’ची आड घेऊ नका. पोट भरलं म्हणालात तर यजमान ते डब्यात भरून सोबत देतील किंवा अर्ध्या तासाने पुन्हा विचारतील. सरळ आणि लवकर सांगा: ‘जॉनुन कोगिरुल आन मॉगॉयो’, मी मांस खात नाही. हे जेवणाच्या दिवशी सांगण्यापेक्षा आमंत्रण आलं त्याच दिवशी सांगितलेलं जास्त चांगलं, कारण दिसायला साध्या भाजीतही मासळीचं पाणी किंवा सुकी कोळंबी असते.

तिसरी पायरी: आग्रहाला तोंड देणं

अर्धं जेवण झालं की ‘मानी दुसेयो’ (भरपूर घ्या) आणि ‘तॉ दुसेयो’ (आणखी घ्या) सुरू होतं. आजी असतील तर त्या विचारतही नाहीत, थेट वाढतात.

हा आग्रह कुठून येतो ते ठाऊक असलं की त्याचा जाच होत नाही. १९५० ते १९५३ च्या युद्धानंतरची कितीतरी वर्षं कोरियातल्या खेड्यांत वसंत ऋतू म्हणजे उपासमारीचा काळ होता: गेल्या हंगामाचा तांदूळ संपलेला, नवी बार्ली अजून शेतात हिरवी. या काळाला ‘पोरिक्कोगे’ म्हणतात, बार्लीची खिंड. ती ओलांडली की वर्ष निभावलं. पुढे ‘थोंगिल’ नावाचा भरघोस पिकणारा भात १९७० च्या दशकात देशभर लावला गेला आणि १९७७ मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. ज्यांनी ती खिंड पाहिली ती माणसं आज आजी-आजोबा आहेत. ‘पाम मॉगॉस्सॉयो?’, जेवलात का, असं रस्त्यात भेटल्यावर विचारतात त्यामागे हीच काळजी आहे. उत्तर साधं द्यायचं: ‘ने, मॉगॉस्सॉयो’, हो, जेवलो. काय जेवलो याचा तपशील कोणी मागत नाही. फार वृद्ध माणसांना विचारताना जेवणाचा शब्दच बदलतो: ‘जिन्जी जाप्सुश्यॉस्सॉयो?’

तर आजी वाढताहेत. पहिल्यांदा वाढलं की घ्या. पोटात थोडी जागा असतानाच घ्या आणि चव घेऊन ‘माशिस्सॉयो’, चविष्ट आहे, असं मनापासून म्हणा. दुसऱ्या वेळी हसून ‘क्वेन्छानायो, मानी मॉगॉस्सॉयो’: राहू द्या, भरपूर जेवलो. तिसऱ्यांदा हात पुढे आलाच तर ‘जॉंगमाल पेबुल्लॉयो’, खरंच पोट भरलं. त्याहून पुढचं वाक्य ‘तॉ इसांग मोन मॉक्केस्सॉयो’, आता याहून जास्त खाणं शक्यच नाही. ते शेवटासाठी राखून ठेवा. पहिल्याच आग्रहाला ते वापरलं तर जेवण आवडलं नाही असा अर्थ निघतो.

बोलण्याइतकंच ताटलीही बोलते. पान्छानची ताटली रिकामी झाली की हॉटेलात ती बहुधा फुकट पुन्हा भरून मिळते आणि घरी न विचारता भरली जाते. म्हणून सामाईक ताटलीतला शेवटचा घास घाईने उचलू नका. दारूच्या पेल्याचंही तसंच. अर्धवट भरलेल्या पेल्यात वरून ओतत नाहीत, रिकामा झाला की लगेच भरतात. नको असेल तर पेल्यात थोडी शिल्लक ठेवून तो समोर राहू द्या. एका शब्दाविना काम होतं.

भाताच्या वाटीचा नियम मात्र उलटा आहे. ती स्वच्छ रिकामी हवी. चुकून काही उरलंच तर मान किंचित लववून ‘नामग्यॉसॉ जेसोंगहेयो’, उरवलं त्याबद्दल माफ करा, एवढं म्हणायला विसरू नका. उरलेल्या अन्नाकडे तिथे गांभीर्याने पाहतात. २०१३ पासून देशभर घरच्या ओल्या कचऱ्यावर प्रमाणानुसार पैसे आकारले जातात.

चौथी पायरी: शेवटचं वाक्य

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात राहणार असेल तर ते हे असावं: ‘जाल मॉगॉस्सुम्निदा’, छान जेवलो. आपल्याकडे पंगत उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणायची जी जागा आहे तीच याची. फरक इतकाच की कोरियात हे रोज, प्रत्येक जेवणाला, समोरच्याला उद्देशून म्हणतात. कँटीनमध्ये ताट परत देताना वाढणाऱ्या मावशींना, छोट्या हॉटेलातून बाहेर पडताना गल्ल्यावरच्या मालकांना, मित्राच्या आईला आणि बिल भरणाऱ्या साहेबांनाही. मित्राने खर्च केला असेल तर नुसतं ‘जाल मॉगॉस्सॉ’.

माझा सल्ला असा: पोट भरल्याचं सांगताना आधी चव, मग पोट, मग आभार, असा क्रम ठेवा. ‘जॉंगमाल माशिस्सॉस्सॉयो. पेबुल्लॉयो. जाल मॉगॉस्सुम्निदा.’ फार छान झालं होतं, पोट भरलं, छान जेवलो. मधलं वाक्य एरवी आखूड आणि थोडं उघडं वाटतं. दोन्ही बाजूंनी असं आधाराला घेतलं की ते यजमानाच्या कानाला गोड लागतं. आणखी आदर दाखवायचा असेल तर आभाराच्या आधी ‘तॉक्पुने’ जोडा: तुमच्यामुळे.

नवशिक्यांचा एक घोटाळा इथे सांभाळायला हवा. यजमान तुम्हाला ‘दुसेयो’ म्हणतात, म्हणून तुम्हीही स्वतःबद्दल ‘दुश्यॉस्सॉयो’ म्हणायला जाता. ते आदरार्थी रूप आहे आणि आदर दुसऱ्याला द्यायचा असतो. स्वतःसाठी कायम ‘मॉगॉस्सॉयो’. मोठ्यांना विचारताना मात्र ‘मानी दुश्यॉस्सॉयो?’ हेच बरोबर, आणि त्यांच्या पोटाचा थेट उल्लेख टाळून असं विचारलेलं जास्त शोभतं.

तुमचं आधी संपलं आणि वडीलधारे अजून जेवताहेत, अशा वेळी चमचा खाली टेबलावर ठेवायचा नाही. जुन्या रीतीप्रमाणे तो सूपाच्या वाडग्याच्या काठावर टेकवून ठेवतात आणि मोठ्यांचं झालं की मग टेबलावर उतरवतात. तरुण मंडळी हे दरवेळी पाळतातच असं नाही, पण परक्या माणसाने पाळलेलं पाहून घरातले वृद्ध खुलतात. जागेवरून उठणंही मोठे उठल्यावर. ढेकर आवरा, नाक टेबलावर शिंकरू नका. पोटावरून हात फिरवणं मित्रांत चालतं, सासरच्या किंवा ऑफिसच्या जेवणात नको.

पूर्वी जेवण संपल्याची खूण म्हणून ‘सुंगन्युंग’ येत असे: भांड्याच्या तळाला लागलेल्या करपट भातात पाणी घालून उकळलेलं गरम पेय. विजेच्या भातकुकरने खरवड संपवली, तसं तेही घरातून कमी झालं. काही हॉटेलांत अजून मिळतं. मिळालं तर सोडू नका. नाहीतर ‘शिखे’ हे तांदळाचं गोड पेय येतं, किंवा आलं-दालचिनीचं ‘सुजॉंगग्वा’. हे आलं की तुम्हाला आणखी भात वाढला जाणार नाही, निर्धास्त व्हा.

पाचवी पायरी: ऑफिसचं जेवण

‘हेशिक’, म्हणजे टीमचं एकत्र जेवण, हा वेगळाच प्रकार आहे. जाळावर मांस भाजून झालं, सगळ्यांनी भरपूर खाल्लं, तुम्ही मनात ‘संपलं’ म्हणता, आणि वाढणाऱ्या मावशी विचारतात: ‘शिक्सानुन म्वॉल्लो हाशिगेस्सॉयो?’ जेवायला काय घेणार? इतका वेळ झालं ते जेवण धरलेलंच नसतं. आता थंड नूडल्स, किंवा डाळीसारख्या दाट सोयाबीनच्या सूपाबरोबर भात. छुन्छॉन शहराच्या प्रसिद्ध ‘ताक्काल्बी’त तर कोंबडी संपल्यावर त्याच तव्यावर उरलेल्या मसाल्यात भात परततात. तो ‘पोक्कुम्बाप’ न खाता उठणं स्थानिकांना अपुरं वाटतं.

त्यामुळे मांसावर हात आखडता ठेवा. तरी जागा उरली नसेल तर पूर्ण वाक्य असं: ‘जॉनुन पेबुल्लॉसॉ शिक्सानुन आन हाल्केयो’, माझं पोट भरलंय, मी भात-नूडल्स घेत नाही. कोणी वाईट वाटून घेत नाही. एखाद्या सहकाऱ्याबरोबर एक वाडगा अर्धा-अर्धा करणंही चालतं. यानंतर दुसरी फेरी, ‘ईछा’, दुसऱ्याच ठिकाणी असू शकते, हेही पोटाने लक्षात ठेवावं.

मित्रांतली भाषा

इथे मोकळं सोडा. ‘पे थॉजिल कॉ काथायो’, पोट फुटेल असं वाटतंय. ‘पेबुल्लॉ जुक्केस्सॉयो’, पोट भरून जीव जायची वेळ आली. दोन्ही आनंदाने म्हणतात, तक्रार म्हणून नाही. मागे ‘यो’ लावलात तरी औपचारिक प्रसंगी नकोत. आणि एवढं म्हणून झाल्यावर कोणी केक पुढे केला तर हमखास ऐकू येतं: ‘दिजॉथु पेनुन त्तारो इस्सॉयो’, गोडाचं पोट वेगळं असतं.

माझा सर्वांत आवडता शब्द ‘तुन्दुन्हेयो’. तुडुंब भरलेल्या पोटासाठी तो नाही. सकाळी गरम सूप-भात खाऊन कामाला निघताना अंगात जे बळ आल्यासारखं वाटतं, त्यासाठी आहे. पाठीशी भरवशाचं माणूस असलं की तेव्हाही हाच शब्द वापरतात. साध्या, पोटभर जेवणाचं कौतुक करायला याच्याइतका नेमका शब्द मला दुसरा माहीत नाही, आणि परक्याच्या तोंडून आला तर मावशींचा चेहरा उजळतोच.

मुलांना पोटभर खाताना बघून आईवडील म्हणतात ‘आन मॉगॉदो पेबुरुदा’: न खाताच पोट भरलं. हे ऐकलंत तर तेव्हा उत्तर द्यायची गरज नाही, आणखी एक घास आवडीने खा. याउलट ‘पेबुरुन सोरी’, भरल्या पोटाचं बोलणं, हा टोमणा आहे. सगळं असून कुरकुर करणाऱ्याला तो ऐकवतात. स्वतःच्या पोटाबद्दल बोलताना हे दोन शब्द चुकून जोडले जाऊ नयेत.

जास्त झालं तर

जड वाटत असेल तर ‘सोगी तॉबुरुखेयो’. अपचन होऊन अडकल्यासारखं झालं असेल तर ‘छेहेस्सॉयो’. दुसरा शब्द ऐकल्याबरोबर टेबलावरचे सगळे तुमची काळजी करू लागतील, म्हणून नुसतं पोट भरलंय तेव्हा तो वापरू नका. घरी कोणी हिरव्या आंबट ‘मेशिल’ फळांचा पाक पाण्यात घालून देईल. औषधाच्या दुकानात ‘सोह्वाजे जुसेयो’ म्हटलं की पाचक मिळतं. त्यात ‘ह्वालम्यॉंगसू’ हे काढ्यासारखं औषध १८९७ पासून चालत आलेलं आहे. आज ते फसफसत्या रूपात छोट्या काचेच्या बाटलीत विकतात.

शाकाहारी माणसाला कोरियन जेवण निर्धास्त जेवायचं असेल तर बौद्ध मठातला मुक्काम उत्तम. २००२ पासून तिथे पाहुण्यांसाठी मुक्कामाची रीतसर व्यवस्था आहे. जेवणात मांस-मासळी नसते, कांदा-लसूणही नसतो. तिथल्या ‘पारु गोंगयांग’ या विधिपूर्वक जेवणात कोणी आग्रह करत नाही आणि कोणी पोटाबद्दल बोलतही नाही. हवं तेवढंच घ्यायचं, कण न कण संपवायचा, शेवटी पाणी घालून मुळ्याच्या किंवा किमचीच्या फोडीने वाडगा पुसायचा आणि ते पाणी पिऊन टाकायचं.

दुसऱ्या दिवशी

कोणी घरी बोलावून जेवू घातलं असेल किंवा साहेबांनी बिल भरलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी काकाओटॉकवर, म्हणजे तिथल्या मेसेजिंग अ‍ॅपवर, एक ओळ पाठवा: ‘ऑजे जाल मॉगॉस्सुम्निदा’, काल छान जेवलो. समोरासमोर भेट झाली तर तोंडी म्हणा. बरोबरीच्या सहकाऱ्याने खर्च केला असेल तर पुढे जोडा ‘ताउमेन जेगा साल्केयो’, पुढच्या वेळी माझ्याकडून. आणि हे लिहिलंत तर पुढच्या वेळी बिल खरोखरच तुम्ही उचला. तिथे हे वाक्य शब्दशः धरतात.